कर्ण्यापासून किती पावलं

हॉलच्या लाकडी जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांच्या खुणा होत्या. मधोमध एकच माइक आणि त्याच्यापासून कमी-जास्त अंतरावर प्रत्येक वादकाची जागा. क्लॅरिनेट सगळ्यांत जवळ, बँजो किंचित मागे, दोन्ही कॉर्नेट पार मागे. ट्रॉम्बोनवाला जरा बाजूला, म्हणजे पुढे सरकणारी नळी कुणाच्या पाठीत बसायला नको. ट्यूबा भिंतीच्या कोपऱ्यात, कारण कोपरा त्याचा खर्ज भरीव करतो.

ओकलंडमधला हा हौशी बँड १९२०च्या दशकातलं जॅझ वाजवतो. त्यांच्या ध्वनिमुद्रणाला बसायची परवानगी मी मागून घेतली होती. सकाळचा बराचसा वेळ एकही गत पुरी झाली नाही. थोडं वाजायचं, बँडप्रमुख हेडफोनवर ऐकायचे आणि म्हणायचे, "दुसरा कॉर्नेट, अर्धं पाऊल मागे." पट्टी उचकटायची, मागे चिकटायची, पुन्हा वाजायचं. हल्ली प्रत्येक वाद्याला वेगळा माइक असतो आणि कुणाला पुढे आणायचं, कुणाला मागे सारायचं हे नंतर सावकाश ठरवता येतं. इथे सगळ्यांचा मिळून एकच ट्रॅक होता. जे काही ठरायचं ते उभं राहण्याच्या जागेवरच ठरायचं.

माइक रिबनचा होता. त्यातली धातूची पातळ पट्टी समोरून आणि मागून सारखंच ऐकते, दोन्ही कुशींना मात्र जवळजवळ बहिरी असते. ड्रमवाल्याला नेमकं त्या बहिऱ्या कुशीला बसवलं होतं.

हा सगळा खटाटोप ज्या तबकड्यांच्या ओढीने चालला होता, त्यांतल्या पहिल्या एप्रिल १९२३मध्ये इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी कोरल्या गेल्या. किंग ऑलिव्हरचा क्रिओल जॅझ बँड त्यासाठी शिकागोहून तिथे गेला. गेनेट कंपनीचा स्टुडिओ स्टार पियानोच्या कारखान्याच्या आवारात, अगदी रुळांलगत होता. आगगाडी आली की काम थांबायचं. माइक नव्हताच. भिंतीतून बाहेर आलेला एक कर्णा. त्यात शिरलेल्या आवाजाने पडदा हलायचा, पडद्याने सुई आणि सुई फिरत्या मेणात रेघ कोरायची. मेणावर कोरलेलं लगेच वाजवून बघावं तर ते बिघडायचं. म्हणून आपण कसे वाजलो हे वादकांना तिथल्या तिथे नीट कळायचं नाही.

एकवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग या बँडमध्ये दुसरा कॉर्नेट वाजवत होता. त्याचा आवाज इतका दमदार की त्याला इतरांपासून बराच मागे उभं केलं होतं. ड्रमवाल्या बेबी डॉड्सला मोठा ड्रम वाजवायची मुभा नव्हती, त्या दणक्याने सुई उडाली असती. त्याने लाकडी ठोकळ्यांवर भागवलं. बिल जॉन्सन खरा बेसवाला, पण या तबकड्यांवर त्याच्या हातात बँजो आहे.

या संगीताचं पुनरुज्जीवन करायला जे पुढे आले, त्यांच्यातले बहुतेक हे संगीत तबकड्यांवरूनच शिकले. सॅन फ्रान्सिस्कोत लू वॉटर्सने यर्बा बुएना जॅझ बँड उभा केला तेव्हा सगळीकडे स्विंगच्या मोठ्या वाद्यवृंदांचा जोर होता. त्याने उलटी वाट धरली: ऑलिव्हरसारखे दोन कॉर्नेट, सोबत बँजो, ट्यूबा आणि टर्क मर्फीचा रांगडा ट्रॉम्बोन. ॲनी स्ट्रीटवरच्या डॉन क्लबमध्ये त्यावर लोक नाचायचे. डिसेंबर १९४१मध्ये 'जॅझ मॅन' या छोट्या कंपनीसाठी त्यांच्या पहिल्या तबकड्या मुद्रित झाल्या आणि आज अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असं संगीत वाजवणारा जवळजवळ प्रत्येक बँड त्यांचं ऋण मानतो.

पण तबकडीला गुरू मानलं की एक पेच पडतो. अब्दुल करीम खाँसाहेबांची तीन मिनिटांची तबकडी म्हणजे त्यांची मैफल नव्हे, हे आपल्याला कळतं, कारण ती गायकी शिष्यांच्या गळ्यातूनही आपल्यापर्यंत आली आहे. शिकागोच्या लिंकन गार्डन्स या नाचघरात ऑलिव्हरचा बँड रात्री कसा वाजायचा, याचं ध्वनिमुद्रण नाही. उरल्या त्या तबकड्या, त्यांच्यातली ठोकळ्यांची टकटक आणि गायब झालेला खर्ज. मग आज वाजवताना अनुकरण करायचं ते ऑलिव्हरचं की कर्ण्याचं?

जेवणाच्या सुट्टीनंतर नेमका यावरच वाद झाला. ऑलिव्हरच्या 'डिपरमाउथ ब्लूज'ला ड्रमवाल्याला ठोकळेच हवे होते. "मी हे असंच ऐकत वाढलो," तो म्हणाला. ट्यूबावाला म्हणाला, "बेबी डॉड्सला विचारता आलं असतं तर त्याने मोठा ड्रमच मागितला असता." मला ट्यूबावाल्याचं पटलं. पण ठोकळ्यांवर पहिला टेक सुरू झाला तेव्हा दोन्ही कॉर्नेटांचं बोलणं इतकं स्वच्छ ऐकू आलं की ड्रमवाल्याचा हट्ट निव्वळ आठवणीपोटी नाही, हेही मान्य करावं लागलं.

याच गतीत ऑलिव्हरने कॉर्नेटच्या तोंडाशी झाकण उघडमीट करत तीन आवर्तनं वाजवली आहेत. रडल्यासारखा, विनवल्यासारखा तो आवाज. पुढच्या पिढ्यांतल्या कॉर्नेटवाल्यांनी ही तीन आवर्तनं बंदिशीसारखी पाठ केली. वाजवताना सुचलेलं संगीत सुरासुरानिशी पाठ करणं अनेकांना खटकतं. मला खटकत नाही. त्या दिवशी कॉर्नेटवाल्या बाईंनी पहिली दोन आवर्तनं जशीच्या तशी वाजवली, तिसऱ्यात एक सूर जरा जास्त रेंगाळू दिला आणि तो मुक्काम त्यांचा स्वतःचा होता.

टेक निवडताना वेळ गेला. एका टेकमध्ये सगळं बिनचूक होतं. दुसऱ्यात क्लॅरिनेट एका ठिकाणी घसरली होती, पण शेवटच्या आवर्तनात कॉर्नेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोन एकमेकांच्या मोकळ्या जागा हेरून वाजत होते. सुरुवातीच्या जॅझचा जीव त्या एकत्र वाजण्यात आहे, एकट्याच्या करामतीत नाही. एकच ट्रॅक, त्यामुळे क्लॅरिनेटचा तेवढा सूर कापून दुसरा चिकटवणं अशक्य. क्लॅरिनेटवाल्याने स्वतःच सांगितलं, दुसरा ठेवा.

शेवटची गत 'रिव्हरसाइड ब्लूज'. ऑलिव्हरने ती १९२३मध्ये मुद्रित केली होती, वॉटर्सच्या बँडनेही पुढे वाजवली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावायची. म्हणून अशा संथ गतीही रंगात येता येता संपतात. इथे तबकडी नव्हती. बँडप्रमुखांनी ड्रमवाल्याला मोठा ड्रम आणायला सांगितला, तो चादर घालून मऊ केला आणि घड्याळाकडे न बघता वाजवायचं ठरलं. तीन मिनिटं उलटल्यावरही कुणी समेटायची खूण केली नाही. दुसऱ्या कॉर्नेटने खालच्या पट्टीत एक छोटी ओळ धरली, ट्रॉम्बोनने ती उचलली, पुढच्या आवर्तनात क्लॅरिनेटने तिच्यावर वेल चढवली. ही ओळ कुठल्याही जुन्या तबकडीवर मी ऐकलेली नाही. वाजून झाल्यावर ड्रमवाल्याने ठोकळे पेटीत टाकले आणि याच गतीचा आणखी एक टेक मागितला.