जबड्याची सैल बिजागरी

तोंड उघडत नाही, ही तक्रार गोंदिया जिल्ह्यातल्या दंतवैद्यांना नवी नाही. खर्रा खाण्याचा शौक या झाडीपट्टीत फार. सुपारी, तंबाखू आणि चुना यांच्या त्या घोटलेल्या मिश्रणाने गालाची आतली त्वचा हळूहळू राठ होत जाते आणि एके काळी अख्खा लाडू तोंडात टाकणाऱ्या गृहस्थाला पुढे लहानसा घासही जड जातो.

पण याच्या नेमके उलट असेही एक दुखणे आहे. त्यात तोंड उघडते, गरजेपेक्षा जास्त उघडते आणि एखादे वेळी मिटतच नाही! त्याकडे घरच्या मंडळींचे लक्ष जात नाही, कारण त्याचे मूळ कौतुकात दडलेले असते. "आमची बेबी पाहिलीत का? अंगठा कसा हाताला टेकवते!" असे म्हणून पाहुण्यांपुढे मुलीला उभे केले जाते. हाच सैलपणा कानापुढच्या सांध्यातही असू शकेल, हे कोणाच्या मनातही येत नाही.

अंगातले सांधे सैल आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी पीटर बेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली ९ गुणांची परीक्षा रूढ केली. करंगळी मागे वळून काटकोनापलीकडे जाते काय? अंगठा हाताच्या आतल्या बाजूला टेकतो काय? कोपर आणि गुडघा सरळ रेषेच्या मागे झुकतात काय? दोन्ही बाजू धरून यांचे ८ गुण. गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकले, तर आणखी १. मोठ्या माणसाला ५ किंवा अधिक गुण मिळाले, तर सांधे सैल समजावेत. भाताच्या रोवणीत आयुष्य गेलेल्या बाईचे तळवे सवयीनेही टेकतील. तेव्हा एका गुणावरून निकाल देऊ नये. गंमत अशी, की या ९ गुणांत जबड्याला एकही गुण नाही!

आता ही बिजागरी चालते कशी, ते पाहू. कानासमोर बोट ठेवून तोंड उघडा. खालच्या जबड्याचे टोक आधी जागच्या जागी फिरते, मग पुढे सरकते. टोक आणि खोबण यांच्यामध्ये एक चिवट चकती असते. सांध्याचे बंध सैल असले, की ही चकती जागा सोडते आणि परतताना 'कट्' असा आवाज होतो. टोक पुढच्या उंचवट्यापलीकडे घसरले आणि तिथेच अडकले, तर तोंड उघडेच राहते. अर्थात, सांधे सैल असलेल्या प्रत्येकाला हा त्रास होतोच असे नाही. आणि नुसता आवाज येतो, दुखत नाही, तर उपचारांचीही गरज नसते.

घोटाळा होतो तो दातांवरून. टोक नीट बसले नाही, की दाढा नेहमीसारख्या जुळत नाहीत आणि रोग्याला वाटते, दातच वाकडे झाले! अमेरिकेतील डॉ. जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ साली या दुखण्याचे खापर दाढा पडून खाली बसलेल्या चाव्यावर फोडले. त्यानंतर कित्येक वर्षे दात घासून, चावा उंच करून उपचार चालले. आज मात्र चावा हे मुख्य कारण मानले जात नाही. पुष्कळदा तो बिघडलेल्या सांध्याचा परिणाम असतो. घासलेला दात परत उगवत नाही. म्हणून सल्ला असा, की आधी विश्रांती, शेक, मऊ अन्न, व्यायाम आणि गरज पडल्यास काढता-घालता येणारी पट्टी. दातांना कानस लावण्याची घाई नको. दाताच्या खुर्चीत बसतानाच डॉक्टरांना सांगावे, "माझे सांधे सैल आहेत, मधूनमधून तोंड मिटू द्या."

जबडा निखळलाच, तर घरी धडपड करू नये. जवळचे रुग्णालय गाठावे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय तर १९६८ पासूनचे. जाणकार डॉक्टर अंगठ्यांनी खालच्या दाढा दाबून जबडा खाली आणि मग मागे नेतात. निखळलेली हनुवटी शेकून, बसवून, पट्टी बांधण्याची रीत आपल्या सुश्रुतानेही सांगून ठेवली आहे.

दिवाळी झाली, की झाडीपट्टीत मंडया भरतील, दंडार रंगेल, रात्रभर नाटके चालतील. हसावे पोटभर, पण पहाटेची जांभई जपून द्यावी. आपल्याकडे जांभई आली, की आजी तोंडापुढे चुटकी वाजवते. ज्यांची बिजागरी सैल आहे, त्यांनी त्याच वेळी हनुवटीखाली मूठ धरावी. आणि दिवाळीची चकली पुढच्या दातांनी तोडण्यापेक्षा हाताने मोडून खावी. चव तीच लागते!