विश्लेषण : वीस वर्षे काम, तरी कागदावर ‘तात्पुरते’! पालिकांतील रोजंदारी कर्मचारी कायम कधी होतात?

पहाटे पाणी सोडणारा वॉलमन, रस्ता झाडणारी सफाई कामगार, उद्यानातला माळी, घंटागाडीवरचा मदतनीस. शहराची ही कामे एक दिवसही थांबत नाहीत. ती करणारे अनेक जण मात्र दहा-वीस वर्षे उलटूनही नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या दप्तरी रोजंदारी, मानधनावरचे किंवा ठेकेदाराचेच राहतात. डिसेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२५ या काळात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या तीन निकालांमुळे या कर्मचाऱ्यांच्या आशा पुन्हा जाग्या झाल्या. त्याच वेळी ‘२४० दिवस भरले की कायम’ असे संदेशही मोबाइलवर फिरू लागले. यात खरे किती? निकालांचा नेमका अर्थ काय? आणि हक्क मागायचा तर हातात काय असायला हवे?

‘तात्पुरते’ म्हणजे नेमके कोण?

बोलताना आपण सगळ्यांनाच ‘कंत्राटी’ म्हणतो. कायद्याच्या नजरेत मात्र यात तीन वेगळे गट आहेत. पहिला गट रोजंदारी किंवा हंगामी कर्मचाऱ्यांचा. त्यांची हजेरी पालिका घेते आणि पैसेही पालिकाच देते. दुसरा गट मानधनावरील किंवा ठरावीक मुदतीच्या कराराने थेट नेमलेल्यांचा. त्यांना ११ महिन्यांचा आदेश मिळतो, मध्ये एक-दोन दिवसांचा खंड पडतो आणि पुन्हा नवा आदेश निघतो. तिसरा गट ठेकेदारामार्फत आलेल्यांचा. काम पालिकेचे, पण पगाराच्या कागदावर नाव ठेकेदाराचे.

आपण कोणत्या गटात आहोत, यावर पुढची सगळी लढाई ठरते. म्हणून निकालाची बातमी वाचण्याआधी स्वतःचा शेवटचा आदेश आणि बँक पासबुकातील पगाराची नोंद पाहावी. तिथे पगार देणारा म्हणून कोणाचे नाव आहे, हा पहिला प्रश्न.

२४० दिवस भरले की नोकरी कायम होते का?

आपोआप होत नाही. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ नुसार १२ महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या कामगाराची सेवा ‘सलग’ मानली जाते. अशा कामगाराला कामावरून कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तितके वेतन आणि नुकसानभरपाई द्यावी लागते. म्हणजे २४० दिवसांचा पहिला फायदा हा, की उद्यापासून येऊ नको असे तोंडी सांगून काढता येत नाही. कायम करणे ही त्यापुढची आणि वेगळी पायरी.

राज्यातील आदर्श स्थायी आदेशांत २४० दिवसांनंतर कायम करण्याची तरतूद होती. त्या आधारे अनेक नगरपरिषद कर्मचारी न्यायालयात गेले. मात्र तिरोडा नगरपरिषदेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१६ मध्ये स्पष्ट केले, की मंजूर पदच नसेल तर केवळ २४० दिवसांच्या बळावर नगरपरिषदेत कायम होता येत नाही. नगरपरिषदेत नवे पद निर्माण करायला संचालनालयाची मंजुरी लागते आणि हे बंधन नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यातच आहे.

‘उमादेवी’ निकालाचा उल्लेख प्रत्येक वेळी का होतो?

१० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने कर्नाटकातील प्रकरणात हा निकाल दिला. सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी मिळाली पाहिजे. जाहिरात आणि निवड प्रक्रिया टाळून मागच्या दाराने घेतलेल्यांना केवळ बराच काळ काम केले म्हणून कायम करता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. पालिकेने कर्मचाऱ्याचा अर्ज फेटाळला, की त्या पत्रात बहुतेक वेळा याच निकालाचा दाखला असतो.

पण याच निकालात एक अपवादही आहे. मंजूर आणि रिक्त पदावर, आवश्यक पात्रता असलेल्या, न्यायालयाच्या स्थगितीचा आधार न घेता दहा वर्षे किंवा अधिक काळ काम केलेल्यांना एकदाच विशेष बाब म्हणून नियमित करावे, असे न्यायालयाने सांगितले होते. नेमणुकीतील त्रुटी ‘अनियमित’ असेल तर मार्ग आहे. नेमणूक ‘बेकायदा’ असेल तर नाही, असा तो फरक. अर्ज फेटाळणाऱ्या पत्रात हा भाग सहसा दिसत नाही.

नव्या तीन निकालांनी काय बदलले?

पहिला निकाल २० डिसेंबर २०२४ चा, ‘जग्गो’ प्रकरणातील. केंद्रीय जल आयोगात सफाई आणि बागकामासारखी कामे वर्षानुवर्षे करणाऱ्यांना कामावरून काढण्यात आले होते. काम कायमस्वरूपी गरजेचे असताना कर्मचाऱ्याला ‘अंशकालीन’ किंवा ‘तात्पुरता’ असे नाव देऊन त्याचा हक्क नाकारता येत नाही, अशी भूमिका घेत न्यायालयाने त्यांना नियमित करण्याचा आदेश दिला.

दुसरा निकाल स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी सर्वांत जवळचा आहे. ३१ जानेवारी २०२५ चा ‘श्रीपाल विरुद्ध नगर निगम, गाझियाबाद’. उद्यान विभागात १९९८-९९ पासून काम करणाऱ्या माळ्यांनी कायम करण्याची मागणी केली. तो वाद सुरू असतानाच २००५ मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले. हे ठेकेदाराचे कामगार होते, असे महापालिकेचे म्हणणे होते. पण तसा ठेका सिद्ध करणारी कागदपत्रे तिला देता आली नाहीत. न्यायालयाने माळ्यांना पुन्हा कामावर घेण्याचा, ५० टक्के मागील वेतन देण्याचा आणि सहा महिन्यांत नियमित करण्याची प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश दिला. उमादेवी निकाल हा शोषण झाकण्याची ढाल नाही, हेही स्पष्ट केले.

तिसरा निकाल १९ ऑगस्ट २०२५ चा, ‘धरम सिंह’ प्रकरणातील. उत्तर प्रदेशातील उच्च शिक्षण सेवा आयोगाच्या रोजंदारी कर्मचाऱ्यांना न्यायालयाने २००२ पासून नियमित मानले आणि पदे नसतील तर अधिसंख्य पदे निर्माण करण्यास सांगितले. पैशांची अडचण हे कारण सांगून सर्वांत खालच्या स्तरावरील कर्मचाऱ्यांच्या जिवावर शासनाने अंदाजपत्रक जुळवू नये, असा या निकालाचा रोख आहे.

तिन्ही निकालांत उमादेवीचा नियम रद्द झालेला नाही. बदलला तो भर. पूर्वी ‘तुम्ही आत कसे आलात?’ हाच प्रश्न मोठा होता. आता ‘काम कायमचे असताना इतकी वर्षे तात्पुरते का ठेवले?’ याचे उत्तर पालिकेलाही द्यावे लागते.

महाराष्ट्रातील कर्मचाऱ्यांना वेगळा आधार आहे का?

आहे. राज्याचा १९७१ चा कायदा : कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध. कायमपणाचे हक्क मिळू नयेत या हेतूने कामगारांना वर्षानुवर्षे बदली, हंगामी किंवा तात्पुरते ठेवणे, ही या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतील सहाव्या बाबीनुसार अनुचित कामगार प्रथा आहे.

उमादेवी निकालानंतर औद्योगिक न्यायालयांचा हा अधिकार संपला का, असा प्रश्न आला. एसटीच्या गाड्या स्वच्छ करणाऱ्या कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २००९ रोजी त्याचे उत्तर दिले : अधिकार संपलेला नाही. अनुचित प्रथा सिद्ध झाली तर औद्योगिक न्यायालय कायम करण्याचा आदेश देऊ शकते. मात्र ‘पद आहे का?’ हा प्रश्न येथेही सुटत नाही.

ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांचे काय?

त्यांची वाट अधिक अवघड आहे. ठेका खरा असेल तर कामगार ठेकेदाराचाच मानला जातो. पण ठेका नुसता देखावा असेल, म्हणजे हजेरी, कामाचे वाटप, देखरेख आणि शिस्त सगळे पालिकेचेच असेल, तर न्यायालय त्यांना थेट पालिकेचे कामगार मानू शकते. २००१ च्या स्टील ॲथॉरिटी प्रकरणातील निकालाने ही कसोटी घालून दिली.

मुंबईतील २,७०० सफाई कामगारांचे उदाहरण बोलके आहे. कागदोपत्री त्यांना स्वयंसेवक दाखवले गेले होते. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये त्यांना महापालिकेचे कायम कामगार मानले आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम ठेवला. त्यानंतरही नोंदीतील नावे आणि ओळखपत्रांवरील नावे जुळत नसल्याने काही कामगारांचे प्रकरण बराच काळ अडकून राहिले. न्यायालयात जिंकलेला हक्क एका वेलांटीपाशी थांबू शकतो, तो असा.

ठेकेदाराने वेतन बुडवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे पालिकेवर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातील हे तत्त्व नव्या श्रमसंहितेतही आहे.

कायम नाही, तर निदान समान वेतन?

२६ ऑक्टोबर २०१६ च्या ‘जगजित सिंह’ निकालानुसार नियमित कर्मचाऱ्याइतकेच आणि तसेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला त्या पदाच्या वेतनश्रेणीचा किमान टप्पा मिळायला हवा. भत्ते यात येत नाहीत. काम आणि जबाबदारी सारखी आहे, हे सिद्ध करण्याचा भार मात्र कर्मचाऱ्यावर असतो. कायम होण्याची लढाई लांबली तरी ही मागणी स्वतंत्रपणे करता येते.

पालिकांची अडचण खरी आहे का?

काही अंशी. आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचे बंधन, जुना आकृतिबंध आणि मंजुरीसाठी शासनाकडे जाणारे प्रस्ताव, यांमुळे अनेक नगरपरिषदांचे हात बांधलेले असतात. पण शहर वाढते, कचरा वाढतो, नळजोडण्या वाढतात. पदे वाढली नाहीत तरी कामे करावीच लागतात आणि ती ठेक्यातून केली जातात. राज्याने यापूर्वी १० मार्च १९९३ पूर्वीच्या नगरपरिषद रोजंदारी कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याचा निर्णय घेतला होता. म्हणजे धोरण ठरले तर मार्ग निघतो. मात्र त्या तारखेनंतर लागलेल्यांसमोर प्रश्न तसाच उभा राहतो.

कोणती कागदपत्रे जपून ठेवावीत?

* प्रत्येक नेमणूक आदेश, मुदतवाढीचे पत्र आणि बदलीची चिठ्ठी. जुने आदेशही टाकू नयेत.
* पगार जमा झाल्याच्या नोंदी असलेले बँक पासबुक, वेतनचिठ्ठ्या.
* भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक व पासबुक, ईएसआय कार्ड.
* ओळखपत्र, गणवेश किंवा साहित्य मिळाल्याची पावती, ड्युटी तक्ता.
* मुकादम, निरीक्षक यांनी मोबाइलवर पाठवलेल्या कामाच्या सूचना. त्या तारखेसह जतन कराव्यात.
* आधार, बँक खाते, पीएफ आणि हजेरीपत्रक या सगळ्यांत नाव एकसारखे आहे का, हे आजच तपासावे.

हजेरीपत्रक पालिकेकडे असते. ते माहिती अधिकारात मागता येते. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. त्यामुळे मंजूर व रिक्त पदांचा आकृतिबंध, स्वतःची हजेरी आणि ठेक्याचा करार यांसाठी वेगवेगळे अर्ज करावेत.

दाद कुठे आणि किती दिवसांत मागायची?

अनुचित कामगार प्रथेची तक्रार औद्योगिक न्यायालयात ९० दिवसांत करायची असते. उशीर झाल्यास सबळ कारण द्यावे लागते. कामावरून कमी केले असेल तर हे दिवस झपाट्याने जातात. साहेब शब्द देतात, पुढच्या महिन्यात घेऊ म्हणतात, आणि मुदत निघून जाते. आधी लेखी अर्ज द्यावा, आवक क्रमांकासह पोच घ्यावी आणि संघटना किंवा वकिलाचा सल्ला लगेच घ्यावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या असून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. त्यामुळे कोणत्या कायद्याखाली जायचे, हेही आधीच विचारून घ्यावे.

गाझियाबादच्या माळ्यांना २००५ मध्ये काढले आणि न्याय २०२५ मध्ये मिळाला. मधल्या २० वर्षांत त्यांची बाजू टिकली, कारण काम पालिकेचेच होते हे नोंदींवरून दाखवता आले आणि ठेका होता हे पालिकेला दाखवता आले नाही. निकाल दुसऱ्याचा असतो. पुरावा मात्र ज्याचा त्यालाच जमवावा लागतो.