कर्जतला बँकर लागतो तेव्हा

मुंबईहून पुण्याला येणारी गाडी कर्जतला थांबते ती केवळ चढणाऱ्या-उतरणाऱ्यांसाठी नाही. पुढचा घाट एकट्या इंजिनाला झेपणारा नसतो, म्हणून गाडीला मागून दोन-तीन इंजिनं लावतात. रेल्वेत त्यांना बँकर म्हणतात, आणि नेहमीच्या प्रवाशांच्या तोंडीही तोच शब्द आहे. या थांब्यात बहुतेक सगळे दिवाडकरांच्या वड्यामागे असतात. वडा जरूर घ्यावा, पण तो हातात घेऊन शेवटच्या डब्यापर्यंत चालत जावं. रेल्वेप्रवासातलं मला सगळ्यात आवडणारं काम तिथे चाललेलं असतं.

बँकर सावकाश जवळ येतात. रुळालगत उभा असलेला कर्मचारी हाताच्या खुणांनी अंतर दाखवत असतो. शेवटच्या काही फुटांत इंजिनाचा वेग माणसाच्या चालीपेक्षाही कमी होतो. मग कपलिंग कपलिंगमध्ये बसल्याचा जड आवाज येतो आणि एक धक्का डब्याडब्यांतून पुढे सरकत जातो. आत बसलेल्यांच्या चहाला तो कळतो. कर्मचारी वाकून जोड पक्का बसला की नाही ते बघतो, ब्रेकच्या हवेचे पाइप जोडतो आणि हवा भरल्याचा फुस्स आवाज होतो. पुढचा आणि मागचा ड्रायव्हर एकमेकांना दिसत नाहीत, मध्ये अख्खी गाडी असते. वॉकीटॉकीवर दोन शब्द होतात, पुढून शिट्टी येते, मागून तिला उत्तर जातं आणि दोन्ही टोकं मिळून जोर लावतात.

एवढा खटाटोप कशासाठी, ते साध्या हिशेबाने कळतं. बोरघाटातला सर्वांत कडक चढ १ला ३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रस्त्यावरच्या गाडीला एवढा चढ काहीच नाही. रेल्वेचं गुळगुळीत लोखंडी चाक मात्र तितक्याच गुळगुळीत लोखंडी रुळावर चालतं, त्यामुळे पकड फार थोडी. सोळा-सतरा डब्यांची गाडी या चढावर असते तेव्हा तिचं तोंड शेपटापेक्षा सुमारे दहा मीटर, म्हणजे तीन मजले उंच असतं. फक्त पुढून ओढलं, तर साऱ्या डब्यांचा भार पहिल्या कपलिंगवर येईल. मागून ढकललं की तो वाटला जातो, आणि जोड तुटलाच तरी डबे मागे घसरायला वाव राहत नाही.

पळसदरी मागे पडली की गाडीचा आवाज बदलतो. सपाटीवरची पळती लय संपून चाकांचा एकेक ठोका वेगळा ऐकू येऊ लागतो. बोगद्यांमागून बोगदे येतात, आणि प्रत्येकात कुठल्या ना कुठल्या डब्यातली मुलं आरोळी ठोकतातच. ठाकूरवाडी गेली, मंकी हिल आलं, की डावीकडे उल्हासची दरी उघडते. पलीकडे राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले दिसतात. पावसाळ्यात कड्याकड्यावरून पाणी कोसळत असतं. याच कड्यांवर पावसाआधी हिल गँगची माणसं दोराला लटकून सुटे झालेले दगड शोधतात आणि खाली पाडतात. आपण खिडकीतून धबधब्याकडे निर्धास्त बघू शकतो, ते त्यांच्यामुळे.

पुण्याहून उतरताना काळजी उलटी असते. तिथे गाडी आवरायची असते. म्हणून घाटात ठरावीक ठिकाणी रुळाचे काटे मुद्दाम एका चढत्या, पुढे बंद असलेल्या फाट्याकडे लावलेले असतात. गाडी तिथे थांबली, ताब्यात आहे हे सिद्ध झालं, की मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. ब्रेक निकामी झालेली गाडी असेल तर ती त्या फाट्यावर चढून थांबेल. डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमध्ये ऑम्लेट-टोस्ट खाताना गाडी रानात उगाच थांबलीशी वाटते, तेव्हा खरं तर ही परीक्षा चाललेली असते. १ जून १९३० ला सुरू झालेल्या या गाडीचा वाढदिवस तिचे प्रवासी दरवर्षी पुणे स्टेशनवर साजरा करतात. गाडीवर एवढी माया जडते ती रोज एकत्र घाट उतरण्या-चढण्यातून, असं मला वाटतं.

पुण्यात रेल्वे आली १८५८ मध्ये, पण खंडाळ्यापासून. मधला घाट तयार नव्हता. खोपोलीला उतरून प्रवासी पालखीतून किंवा तट्टावरून खंडाळ्याला चढत आणि पुन्हा गाडीत बसत. डायनामाइटचा शोध अजून लागायचा होता, त्यामुळे काळा दगड फोडला तो सुरुंगाच्या दारूने आणि हाताने. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट आपल्याकडे घेऊन काम तडीला नेलं. ऐन भरात चाळीस हजारांहून जास्त मजूर या घाटात होते. रोगराईने त्यांच्यातले किती तरी गेले. १८६३ मध्ये घाट खुला झाला. त्याच काळातला ऑस्ट्रियातला सेमरिंगचा डोंगरी मार्ग, १८५४ चा, आज जागतिक वारसा आहे. आपला बोरघाट त्याच तोलामोलाचा आहे. फरक इतकाच की आपण त्यातून पेंगत जातो.

कर्जतचं जुळं भावंड जपानात होतं. तोक्योहून नागानोकडे जाताना उसुई खिंड लागते. तिथला चढ १ला १५, बोरघाटाच्या दुपटीहून कडक. पायथ्याच्या योकोकावा स्टेशनात प्रत्येक गाडीला दोन बँकर लागत, आणि तेवढ्या वेळात प्रवासी फलाटावर उतरून मातीच्या छोट्या भांड्यातला गरम भात घेत. ‘तोगे नो कामामेशी’ नावाचा हा भात १९५८ पासून तिथे मिळू लागला आणि देशभर गाजला. गाडी हलली की विकणारे ओळीने उभे राहून तिला वाकून नमस्कार करीत. १९९७ मध्ये शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन नव्या मार्गाने डोंगर पार करून नागानोला पोचली आणि खिंडीतली जुनी वाट बंद झाली. योकोकावात आता रेल्वेचं संग्रहालय आहे. रीतसर शिक्षण घेऊन तिथे ते जुने बँकर स्वतः चालवून बघता येतात. भात अजूनही मिळतो, पण भाताची ती वेळ, इंजिन जोडलं जाण्याच्या आवाजात घाईघाईने उघडलेलं ते भांडं, गेलं ते गेलंच.

वेगवान गाड्या हव्यातच. आजारी माणसाला गाठायचं असेल तर तासभर लवकर पोचण्याचं मोल कोणी नाकारणार नाही. पण देशात काय किंवा परदेशात काय, रेल्वेचा खरा आनंद मला अशा जागी सापडतो, जिथे डोंगर गाडीला अडवतो आणि माणसं तिला वर नेतात. चढ किती आहे ते तिथे अंगाला कळतं, आणि आपल्याला कोण नेतंय तेही दिसतं.

जपानी लोक जे बघायला संग्रहालयात जातात, ते आपल्याकडे दिवसरात्र चालू आहे. म्हणून पुढच्या वेळी मुंबईहून येताना सकाळची डेक्कन एक्सप्रेस धरा, म्हणजे घाट उजेडात मिळेल. डावीकडची खिडकी मागून घ्या, शेवटच्या डब्यांपैकी एखादा निवडा आणि बरोबर मूल असेल तर कर्जतला त्याला आधी बँकर दाखवा, मग वडा द्या.