जुनी बोट विकताना खर्च कुठे करावा?

तापोळा-बामणोलीकडे कोयनेच्या शिवसागर जलाशयात चाललेली फायबरची बोट विकायला काढली, की पहिला खर्च रंगावर आणि गाद्यांवर होतो. तो शेवटी व्हायला हवा. कोयनेचे पाणी गोडे, म्हणून बोटीला धोका नाही, हा समज अर्धाच खरा. इंजिनाचे धातूचे भाग इथे समुद्रापेक्षा कमी गंजतात. पण फायबरच्या थरांत गोडे पाणी खाऱ्यापेक्षा सहज झिरपते आणि तळाला फोड येतात. त्यावर नुसता रंग चढवला तर ओल आतच कोंडते. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की बोट काठावर ओढून फोड खरवडून उघडावेत, तळ पूर्ण वाळवावा, मगच इपॉक्सी भरावे.

गिऱ्हाईक दिसण्यालाच भुलते, असे कुणी म्हणेल. भुलतेही! मात्र २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार प्रवासी वाहणाऱ्या यांत्रिक बोटीला नोंदणी आणि सर्वेक्षण प्रमाणपत्र लागते, आणि तिथे चकाकीला गुण मिळत नाहीत. सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरात बोट उलटून माणसे दगावली. म्हणून कृष्णाकाठच्या अशा गावासाठी बोट घेणाऱ्याने वहनक्षमता, इंजिन आणि लाइफ जॅकेट यांचीच चौकशी आधी करावी. विकणाऱ्यानेही पैसा तिथेच घालावा.