कोणती द्राक्षवेल लावावी?

पवनानगरच्या बाजूस थोडी जागा घेऊन तेथे टुमदार घर बांधलेल्या एका स्नेह्यांनी परवा मला विचारले, "अंगणात मांडव घातला आहे. त्यावर द्राक्षाची वेल चढवावी म्हणतो. मात्र वेल देशी पाहिजे, आणि आताच्या ह्या लहरी पावसात टिकणारी पाहिजे. कोणती आणू?" प्रश्न साधा खरा, पण त्याचे उत्तर देता देता पुढ्यातला चहा निवून गेला. श्रोतेहो, हाच प्रश्न आज नाशिक, सांगली आणि सोलापूरकडील बागाईतदारांपुढे उभा आहे. आणि स्नेह्यांना तो हौसेखातर पडला असला तरी त्या बागाईतदारांच्या पोटाशी तो निगडित आहे.

प्रथम वेलीचा स्वभाव पाहू. आपण जी द्राक्षे खातो त्यांचे मूळ घर काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्या आसपासचा मुलूख होय. तिकडे वेल हिवाळ्यात पाने टाकून निजते, वसंतात जागी होते आणि कोरड्या उन्हाळ्यात तिचे घड पिकतात. आमच्याकडे तिला झोप म्हणून नाहीच. चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षे वर्षातून दोनदा फळतात असे लिहून ठेवले आहे, ते ह्याचमुळे. हिवाळ्याचे काम आमच्याकडे कात्री करते. एप्रिलात खरड छाटणी करून नव्या काड्या वाढवावयाच्या, आणि पावसाळा सरला म्हणजे ऑक्टोबरात गोडी छाटणी करून त्या काड्यांवर घड धरावयाचे. सारी बाग पाऊस केव्हा येतो आणि केव्हा जातो ह्या हिशेबावर उभी असते.

आता हा हिशेब कोठे चुकतो ते सांगतो. खरड छाटणीनंतर सुमारे चाळीस ते साठ दिवसांनी काडीवरील डोळ्याच्या आत एक निर्णय होत असतो. त्या डोळ्यातील इवल्याशा अंकुराचा पुढे घड व्हावयाचा की नुसता तणावा, हे तेव्हाच ठरते. त्या दिवसांत काडीवर स्वच्छ ऊन पडले तर घड; आभाळ भरून राहिले तर तणावा. हे दिवस मेच्या मध्यापासून जूनच्या प्रारंभापर्यंत येतात. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, इतक्या लवकर आल्याची पूर्वी नोंद नव्हती. ज्यांच्या काड्या तेव्हा ह्या अवस्थेत होत्या त्यांस बाग हिरवीगार दिसली असेल, पण हानी डोळ्याच्या आत झालेली दिसत नाही. ती ऑक्टोबरनंतर कळते.

दुसरा नाजूक काळ गोडी छाटणीनंतरचा. कोवळी फूट आणि फुलोरा ह्यांवर पाणी साचून राहिले की केवडा पडतो. पानाच्या खालच्या अंगास पांढरी बुरशी धरते आणि कोवळा घड दोन-चार दिवसांत वाळून जातो. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' वादळाबरोबर आलेल्या पावसाने हेच केले. २०१९ साली पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत लांबला, तेव्हा पुन्हा तेच झाले. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाडकडे गारा पडल्या. गारांपुढे तर औषधाचेही काही चालत नाही.

मग ह्याला टिकेल अशी 'देशी' वेल कोणती? ह्या शब्दाची थोडी झाडाझडती घेतली पाहिजे. आमच्या रानात द्राक्षकुळातल्या वेली आहेत. मोडलेल्या हाडावर बांधतात ती कांडवेल त्याच कुळातली. पण खावयाच्या द्राक्षांत अस्सल भूमिपुत्र कोणी नाही. नाशिककडे पूर्वी भोकरी, फकडी, पंढरी साहेबी, काळी साहेबी ह्या जाती असत. त्या बाहेरून येऊन येथे रुळलेल्या. पुण्यात गणेशखिंडीच्या बागेत डॉ. चीमा यांनी पंढरी साहेबीच्या बियांपासून रोपे वाढविली आणि त्यांतून जी जात निवडली ती चीमा साहेबी. पुढे बिनबियांची थॉमसन आली आणि तिने साऱ्यांना मागे सारले.

येथे आमच्या शेतकऱ्यांच्या नजरेचे कौतुक केल्यावाचून पुढे जाववत नाही. तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांना थॉमसनच्या बागेत इतरांहून वेगळी वेल दिसली. तिच्यापासून 'तास-ए-गणेश' झाली. सोलापूरजवळच्या नान्नज गावी 'सोनाका' आणि 'माणिक चमन' अशाच हाती लागल्या. निसर्गाने एखाद्या फांदीत केलेला फरक ओळखावयाचा, तिची काडी लावून तो जपावयाचा, एवढेच हे काम. पण त्यास रोज वेलीखाली वावरणारा माणूस लागतो. अशा निवडीस देशी म्हणावयास माझी हरकत नाही.

अडचण मात्र निराळीच आहे. नावे अनेक झाली, वेल मूळची एकच राहिली. मणी लांब झाला, रंग बदलला, गोडी वाढली. केवड्यापुढे तिघी बहिणी सारख्याच हतबल, कारण त्या थॉमसनच्याच अंगाच्या आहेत. फांदी लावून वाढविलेल्या वेलीत आईचे गुण येतात तसे आईचे दुखणेही येते.

केवड्याचे मूळ अमेरिकेतले. तेथून तो १८७८ च्या सुमारास फ्रान्सात पोहोचला आणि १८८५ साली मिलार्दे यांनी मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण त्यावर उतारा म्हणून पुढे आणले. अमेरिकेतील रानवेली ह्या रोगाबरोबरच वाढलेल्या असल्यामुळे त्यांना त्याची सवय आहे. म्हणून टिकाऊपणा हवा असेल तर ते रक्त घ्यावे लागते. मुळांपुरते ते आपण घेतलेही आहे. पाणी कमी आणि खारट झाले तेव्हा टेक्सासच्या रानद्राक्षातून निवडलेला डॉगरिज हा खुंट आमच्या बागाईतदारांनी बिनतक्रार स्वीकारला. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीने, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेने, अमेरिकन कुळातील कटॉबा आणि आपल्याकडील परिचयाची ब्यूटी सीडलेस यांचा संकर करून 'एआरआय ५१६' काढली. छाटणीपासून ११० ते १२० दिवसांत ती पिकते, बुरशीच्या रोगांना बरीच दाद देत नाही, आणि तिचा रस उत्तम निघतो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातही १९९७ पासून देशोदेशीच्या शेकडो जाती सांभाळल्या जात आहेत.

मग बाजारात अशी द्राक्षे का दिसत नाहीत? त्यांत बी असते म्हणून. स्नेह्यांनीही बीचे नाव काढताच तोंड वाकडे केले. तेव्हा आतून त्यांच्या मातोश्री म्हणाल्या, "अरे, आम्ही लहानपणी खाल्ली ती सगळी बियांचीच. कोणाच्या पोटात वेल उगवली नाही." शहरातली आपण मंडळी लांबट, हिरव्या, बिनबियांच्या मण्यावाचून दुसऱ्यास हात लावीत नाही, आणि बागाईतदार आपल्या त्या आवडीपायी केवड्याशी झुंजत राहतो. कोणी बागेवर प्लास्टिकचे छत घालू लागले आहेत. तो उपाय चांगला, पण त्याचा खर्च छोट्या बागाईतदाराच्या आवाक्याबाहेरचा.

राहता राहिला पवनानगरचा मांडव. तासगावकडे वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरांच्या आतबाहेर. लोणावळ्यास तो चार हजारांवर जातो. पवनानगर लोणावळ्याच्या कुशीतच. ही भूमी आंबेमोहोर आणि इंद्रायणी भाताची. येथला गुलाबदेखील हरितगृहाच्या आडोशाने फुलतो. बागेचा विचार तेथे करूच नये. एक वेल हौसेने लावावयाची तर बंगलोर ब्ल्यू किंवा एआरआय ५१६ लावावी. जमीन उंच करून घ्यावी, मुळाशी पाणी थांबू देऊ नये. मांडवाच्या वर पारदर्शक छप्पर घालता आले तर फार उत्तम. गोडी छाटणी पंचांग पाहून करू नये. पाऊस खरोखरच गेला आणि सकाळी तिकोन्याचा माथा सलग आठ दिवस स्वच्छ दिसला, म्हणजे कात्री हाती घ्यावी.