तात्पुरत्या डोसची पन्नास वर्षं

१९७० साली केंद्र सरकारने कुपोषणातून येणाऱ्या अंधत्वाविरुद्ध कार्यक्रम सुरू केला, तेव्हा घरचा आहार सुधारेपर्यंतची सोय एवढंच त्याचं स्वरूप होतं. यकृत अ जीवनसत्त्व महिनोन्‌महिने साठवून ठेवतं, म्हणून लहान मुलांना सहा महिन्यांतून एकदा मोठा डोस पाजायचा. रातांधळेपणा, बुबुळाच्या कडेला फेसासारखे दिसणारे बिटॉटचे ठिपके, मग बुबुळच मऊ पडून गेलेली नजर, हे सगळं तेव्हा डॉक्टरांच्या नित्य पाहण्यातलं होतं.

पुढे इंडोनेशियात आल्फ्रेड सॉमर यांना दिसलं, की डोळ्यांची सौम्य लक्षणं असलेली मुलंही जास्त दगावतात. आचे प्रांतातल्या चाचणीचे निष्कर्ष १९८६ मध्ये आले: डोस मिळालेल्या गावांत बालमृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी. मग डोसला वेगळंच वजन आलं. आपल्याकडे नवव्या महिन्यात गोवराच्या लशीसोबत १ लाख युनिट, नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख, असे नऊ डोस ठरले. बाटलीसोबतच्या प्लॅस्टिकच्या चमच्यात अर्ध्यावर खूण असते; तिथवर १ मिली, काठोकाठ २. आसामात २००१ च्या मोहिमेत चमच्याऐवजी मोठे कप वापरले गेले, मुलं आजारी पडली, काही दगावलीही. मृत्यूंच्या कारणांवरून बराच वाद झाला.

२०१३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या दहा लाख मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. मृत्युदरात नाव घेण्याजोगा फरक नव्हता. हैदराबादच्या पोषण संस्थेचे एकेकाळचे संचालक डॉ. सी. गोपालन तर सरसकट डोसच्या विरोधात आधीपासून बोलत होते. मला त्यांचं पटतं, पण जिथे कमतरता खरोखर आहे तिथला डोस थांबवावा असं नाही. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत एक ते चार वर्षांच्या १७.६ टक्के मुलांत ती आढळली.

डोसची नोंद ठेवता येते, ताटाची कोण ठेवणार? त्यामुळे आहाराचा भाग अंगणवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यात राहिला. शेवग्याचा पाला, माठ, लाल भोपळा, पपई ही काही महागडी चैन नव्हे. मात्र पालेभाजीतलं कॅरोटीन अंगी लागायला थोडं तेल हवं, आणि लहानग्याच्या वाट्याला बहुधा भाजीचं नुसतं पाणीच येतं. अंड्यात हे जीवनसत्त्व तयारच असतं. महाराष्ट्राच्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या मुलांना अंडं मिळतं, नको असेल तर केळं. केळ्याने पोट भरतं. अ जीवनसत्त्वाची भरपाई त्याने होत नाही.