चकती चढवण्याआधी वाचा

फौजेतून निवृत्त झाल्यापासून मी कोलकात्यात खिदिरपूरला राहतो. इथली गोदी १८९२ साली खुली झाली. आजूबाजूच्या गल्ल्यांत सकाळपासून लोखंड कापल्याचा आवाज असतो. परवा एक पोरगा गार्ड काढून ग्रिल कापत होता. विचारलं तर म्हणाला, “साहेब, चकती मोठी आहे. गार्डमध्ये बसत नाही.”

आज त्याबद्दलच बोलू.

चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. म्हणजे चकतीची कड ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगानं धावते. सात इंची चकतीवर साधारण ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. ती छोट्या मशीनवर चढवली तर वेग मर्यादेच्या सव्वापटीवर जातो. चकतीवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो दीडपटीहून जास्त होतो. मग चकती फुटते आणि तुकडा थेट तोंडावर येतो. गार्ड असतो तो यासाठीच.

दुसरी गोष्ट तारखेची. कापायच्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. घासणारे कण राळेनं एकत्र धरलेले असतात आणि ती राळ काळाने व ओलीने कमजोर होते. म्हणून मुदत साधारण तीन वर्षांची असते. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीसुद्धा घामेजतात. तेव्हा चकत्या जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका. कोरड्या फळीवर आडव्या ठेवा आणि वर वजन ठेवू नका. भिजलेली चकती उन्हात वाळवून वापरू नका, फेकून द्या.

आता चढवण्याचा क्रम. आधी प्लग काढा. चकतीला तडा किंवा कपचा नाही ना, ते उजेडात बघा. दोन्ही फ्लँज पुसून घ्या. चकती हाताने फिरवून पाहा. मग चकतीच्या रेषेतून बाजूला उभे राहून मशीन एक मिनिट मोकळी चालवा. थरथरली तर बंद करा.

कापताना दोन्ही हातांनी धरा, सरळ रेषेत चालवा, जोर लावू नका. कापायच्या पातळ चकतीची बाजू घासायला वापरू नका. चष्मा हवाच. लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरवर कधीही चढवू नका. ते अडकलं की मशीन हातातून उसळते.

फरशी किंवा काँक्रीटसाठी हिऱ्याचं पातं असेल तर त्यावरच्या बाणाच्या दिशेने बसवा. ते कापेनासं झालं तर दाबू नका. खरबरीत विटेत चार-पाच काप घ्या, नवे कण उघडे पडतात.

पलटणीत रायफल हातात आली की आधी ती रिकामी आहे का ते बघायचं, देणारा कितीही विश्वासाचा असो. चकतीचंही तसंच. वेग, तारीख, तडा, एवढं बघायला अर्धा मिनिट लागतो.

त्या पोराला मी चार इंची चकती आणून दिली. गार्ड त्यानं स्वतःच बसवला.

जय हिंद.